न तपासता घ्यायचा माल

शिकलगारभाऊ,

तुमच्यावर चार शब्द लिहून द्या म्हणून उद्यमनगरातली दोघं माणसं काल कारखान्यात आली होती. जन्म कुठला, शिक्षण किती, कंपनीत कधी लागलात, हे सगळं त्यांनी आधीच कागदावर मांडून आणलं होतं. म्हटलं, तुमच्याजवळ आहेच तर छापा की, मला कशाला विचारता? मला जे सांगायचंय ते त्यांना सांगून काय उपयोग? ते तुम्हालाच सांगायला हवं. तुम्ही असता तर एव्हाना फोन करकरून माझं डोकं उठवलं असतं, आणि मीही काही गप्प ऐकून घेतलं नसतं.

तर ऐका. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात तुमचं शेवटचं काम मोडलं. आमच्याच हातून मोडलं. माल न तपासता, नुसत्या आमच्या सहीवर घ्यायचा, ही जी गोष्ट तुम्ही कंपनीच्या गळी उतरवली होती, ती संपली. कंपनीनं काल तसं पत्रानं कळवलं. कसं झालं ते मी तुम्हाला सगळं सांगणार आहे, पण मधेच तोडू नका. तोडायची तुम्हाला फार खोड होती.

तुमचे वडील मंगळवार पेठेत सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे, आणि तुम्ही इंजिनाच्या कंपनीत खरेदीच्या खुर्चीवर. मी म्हणायची, घरचा धंदा सोडलाय कुठं तुम्ही, जिभेला लावताच की धार. आमची फाउंड्री तुमच्या कंपनीला इंजिनाची चाकं ओतून द्यायची. फ्लायव्हील म्हणायचात तुम्ही, आम्ही चाकंच म्हणतो. मालक, म्हणजे माझे यजमान बसाप्पा, भट्टी सांभाळायचे आणि मी माणसं सांभाळायची. मालक गडहिंग्लजच्या पलीकडचे, घरात कानडी. त्यांचं मराठी व्हय आणि न्हाय एवढ्यावर चालायचं, त्यातही न्हाय फारसं वापरात नव्हतं. तुम्ही वयानं मोठे असून मला अक्का म्हणायला लागलात. मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "एवढं भांडणाऱ्या बाईला धाकटी कोण म्हणंल?"

पहिली कितीतरी वर्षं आपलं भांडण चहावरून होतं. खरेदीच्या माणसानं विकणाऱ्याच्या घरचं काही तोंडाला लावायचं नाही, हा तुमचा नेम. कोल्हापुरात हा नेम पाळायचा म्हणजे रोज एकाशी वाकडं. दारात आलेला माणूस चहा न घेता गेला तर आम्हाला रात्री घास उतरत नाही, आणि तुम्ही खुशाल पाणी पिऊन उठायचात. "तुमचा रोजा बारा महिने असतो काय?" मी विचारलं. "तुमच्या कारखान्यात असतो," तुम्ही म्हणालात. दिवाळीचा फराळ पाठवला तर डबा जसाच्या तसा परत. ईदला मात्र तुमच्या घरून शीरखुर्मा न चुकता यायचा. हे बरंय, मी म्हटलं. तर म्हणे, "देण्यात काय अडचण हाय? अडचण घेण्यात असती." मालक ऐकून नुसते हसले. मी त्यांच्यावरही चिडले.

दुसरं भांडण पुढच्या काळावरून. तुमच्याकडं कुठून कुठून मासिकं यायची, इंग्रजीतली, आणि ती वाचून झाली की तुम्ही आमच्या कारखान्यात येऊन लाकडी पॅटर्नांच्या ढिगावर बसायचात आणि आम्हाला घाबरवायचात. "अक्का, तोंड बघून खरेदी करायचं दिवस सरलं. ह्याच्या बाचं आणि माझ्या बाचं बसणं-उठणं व्हतं म्हणून ह्याचा माल घ्या, ह्ये आता चालायचं न्हाय." मग कसं चालायचं, मी विचारलं, तर म्हणालात की कंपन्या विकणाऱ्यांना शाळेतल्या पोरांसारखे नंबर लावतील. कोठारात माल साठवून ठेवणार नाहीत. सकाळी लागणारा माल सकाळीच दारात पाहिजे, आदल्या दिवशी आला तरी नको. ऑर्डर माणूस लिहिणार नाही, मशीन लिहील. आणि एक दिवस गिऱ्हाईक असंही विचारील, की हे बीड, हे ओतीव लोखंड, ज्यानं ओतलं त्याच्या पायात बूट होते काय? यावर मी एवढी हसले की भट्टीवरची पोरं वळून बघायला लागली. आमची सगळी तेव्हा अनवाणी. "त्यांच्या बायका विचारीनात, गिऱ्हाईक कशाला विचारतंय?" मी म्हटलं. तुम्ही नाही हसलात. "विचारंल," एवढंच म्हणालात, आणि मला उगीचच भीती वाटली.

भीती खरी व्हायला वेळ लागला नाही. मुंबईहून तुमचे नवे मॅनेजर आले. मासिकात वाचलेलं तुम्ही सांगत होतात, ते ह्यांनी आल्या आल्या करायला घेतलं. माल देणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः फोन केला. आमच्याकडं फोन मालकांनी घेतला, कारण मी निपाणीला लग्नाला गेले होते. साहेब बोलत गेले. भाव कमी करावा लागेल. व्हय. दर आठवड्याला ठरल्या वेळी माल आला पाहिजे. व्हय. उशीर झाला तर दंड. व्हय. खराब निघालेला माल तुमच्या खर्चानं परत. व्हय. साहेबांनी फोन ठेवला आणि आमच्या नावापुढं सगळं मान्य असं लिहून टाकलं.

मी परत आले तर टपालानं ऑर्डर येऊन पडलेली. ती मी दोनदा वाचली. त्या अटींवर माल दिला असता तर वर्षभरात भट्टीला कुलूप लागलं असतं, आणि न द्यावा तर आमचं तेवढं एकच मोठं गिऱ्हाईक. मालकांना विचारलं, तुम्ही ह्याला हो म्हणालात? "मी ऐकत होतो की," म्हणाले. "ते बोलायलालते, मी ऐकत होतो."

बाहेरच्या माणसाला हे कसं समजावं? आपल्याकडं व्हय म्हणजे तुमचं बोलणं कानावर येतंय. व्हय म्हणजे पुढं बोला. तुम्ही मला किती सुनावलंत, आणि मी व्हय व्हय म्हणत शेवटी माझं तेच केलं. पण मुंबईच्या कानाला व्हय म्हणजे हो, आणि हो म्हणजे सौदा पक्का.

मालकांना घेऊन मी तशीच कंपनीत आले. तुम्ही मला मॅनेजरांच्या खोलीत नेलंत. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आज म्हणते. त्या दिवशी मला ते यमाचे भाऊ वाटले. "प्रत्येक अट मी वाचून दाखवली आणि तुमच्या मालकांनी प्रत्येक अटीला होकार दिला," ते म्हणाले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही खुर्ची सरकवून मालकांकडं वळलात. सावकाश, अगदी पाहुण्याची विचारपूस करावी तशा आवाजात म्हणालात, "मालक, असं ठरलंय की आजपासनं तुमचा कारखाना मी घेतला. तुम्ही घरात बसायचं."

"व्हय," मालक म्हणाले.

"भट्टी मोडून तिथं मी म्हशी बांधणार हाय."

"व्हय, व्हय." मालकांनी मान हलवली. मग जरा थांबून म्हणाले, "आणि मग?"

साहेब आधी मालकांकडं बघत राहिले, मग तुमच्याकडं, आणि मग पोट धरून हसले. चष्मा काढून डोळे पुसले. ऑर्डर मागं घेतली, अटी पुन्हा समोरासमोर बसून ठरवू म्हणाले. भाऊ, त्या क्षणी मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं. तुम्ही तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

तुम्ही थांबला नाहीत. त्याच आवाजात साहेबांना म्हणालात, "पण दुसरी बाजू पण सांगतो, साहेब. ह्यांचा भाव बरोबर आहे, माल बरोबर नाही. चाकं फार परत जातात. आमच्याकडे मशीनवर चढवल्यावर भोकं निघतात, आमचा वेळ जातो. ह्यांना एक वर्ष द्या. सुधारले नाहीत तर काढून टाका, माझी हरकत नाही."

माझी हरकत नाही! हे तीन शब्द मी किती दिवस घेऊन हिंडले. घरी कढई घासताना सुद्धा तेच. बाहेर पडल्यावर जिन्यातच मी तुम्हाला गाठलं. म्हटलं, अक्का म्हणता आणि दुसऱ्याच्या देखत नाक कापता?

"अक्का, मी निम्मंच सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, हा त्यांचाच माणूस हाय. मग व्हयचं सांगितल्यालं पण खोटं ठरलं असतं."

"सख्ख्या भावानं असं केलं असतं काय?"

"सख्ख्या भावाला त्या खुर्चीवर मी बसूच दिलं नसतं."

असं म्हणून तुम्ही वर निघून गेलात. मालक खाली माझी वाट बघत उभे होते. तुम्ही बरोबर होतात की मी, हे तेव्हा ठरलं नाही आणि पुढंही ठरलं नाही. मी अजून म्हणते, खोलीत दार लावून सांगायला हवं होतं. तुम्ही अखेरपर्यंत म्हणत राहिलात, दार लावून सांगितलं की तोच भ्रष्टाचार.

मात्र त्या वर्षात माल सुधारला. रागानं सुधारला म्हणा. मालकांनी वाळू बदलली, मी भट्टीचा कोक घेताना विकणाऱ्याचं तोंड बघणं सोडलं, आणि आमचा तुकाराम, म्हणजे साचे करणाऱ्यांचा मिस्त्री, चाक गेटबाहेर जाण्याआधी स्वतः हातोडी मारून त्याचा आवाज ऐकायला लागला. तुमच्या कंपनीतून परत येणारी गाडी हळूहळू रिकामी यायला लागली. तुम्ही शाबास असं कधी म्हणाला नाहीत. फक्त येणं वाढलं. पॅटर्नांच्या ढिगावर बसून पुन्हा पुढच्या काळाच्या गोष्टी सुरू.

त्यातूनच ते शेवटचं काम निघालं. तुम्हाला आठवतंय, गेल्या उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा मी पंख्याखाली बसून घाम पुसत होते. तुम्ही उभ्या उभ्याच म्हणालात, "अक्का, कंपनीचा तपासनीस काढायचा." मला वाटलं, कुणा माणसावर काही किटाळ आलंय. तर म्हणे, तसं नाही, तपासणीच काढायची. आमचा माल कंपनीच्या गेटवर कुणी बघणार नाही. आम्ही सही करून पाठवायचा, तो सरळ मशीनवर चढणार. आधी तीनच फाउंड्र्यांना असं द्यायचं, आणि त्यात पहिलं नाव आमचं.

दुसरं कुणी आनंदानं उडालं असतं. मला धडकी भरली. तपासनीस असला की मला रात्री झोप लागते, मी म्हटलं. आपली नजर चुकली तरी पुढं कुणीतरी आहे.

"म्हणूनच काढायचा," तुम्ही म्हणालात. "पुढं कोण तरी हाय म्हटलं की माणूस आपली चूक त्याच्यावर सोडून मोकळा होतो. कोण न्हाय म्हटलं की मग बघा कसा डोळ्यात तेल घालून बघतोय."

"आणि नाही बघितलं तर?"

"बघंल."

"अहो पण नाही बघितलं तर? चाक आहे ते. मळ्यात, विहिरीवर, इंजिनाशेजारी माणूस बसलेला असतो. फुटलं तर..."

"अक्का," तुम्ही म्हणालात, "तुमच्यावर माझा इश्वास हाय, तुमचा का नसावा?"

मी सही करायला लागले. साहेबांनी तुम्हाला बजावलं होतं, शिकलगार, हे तुमच्या नावावर करतोय. ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. ते मला भाभींकडून कळलं, तेही तुम्ही गेल्यावर. दर पाठवणीच्या सकाळी मी देवाचं नाव घेऊन सही करायची आणि सगळं नीट जायचं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, एक चाक परत आलं नाही. दुसऱ्या फाउंड्रीवाले माझ्याकडं विचारायला येऊ लागले. मलाही वाटायला लागलं, की हा माणूस म्हणतोय तसं होणार बहुतेक.

आणि सोमवारी तुम्ही गेलात. सकाळी अंघोळ करून कपडे करत होतात, भाभींना म्हणालात छातीत कसंतरी होतंय, आणि संपलं. आमच्याकडं निरोप आला तेव्हा भट्टी चालू होती. चालू भट्टी मधे सोडता येत नाही. बीड वितळलेलं, साचे मांडलेले, ओतणं भाग होतं. मालकांनी हातातला बीड ओतायचा डाव तुकारामाकडं दिला आणि तसेच धुळीच्या कपड्यांनी तुमच्या घराकडं निघाले. मी मागोमाग गेले. दिवसभर भाभींजवळ बसले. काय बोलले ते आठवत नाही. तुमच्या कपाटावर मासिकांचा गठ्ठा होता आणि वरच्या मासिकावर तुमचा चष्मा.

दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजनंतर, तुम्हाला नेलं. मी वरच्या खिडकीतून बघत होते. गल्ली माणसांनी भरून गेली होती, आणि त्यात आमची पोरं दिसली. तुकाराम, त्याच्या हाताखालची सगळी, केसांत अजून वाळू. प्रत्येकजण पुढं होऊन खांदा द्यायला बघत होता. मला भरून आलं. ज्यांचा माल तुम्ही इतकी वर्षं परत लावलात, ती पोरं होती ही. मला एवढंही सुचलं नाही की ह्या वेळी ही इथं कशी.

बुधवारी सकाळी चाकांची गाडी भरून उभी होती. मी सही केली. तुमच्याशिवायची पहिली सही, एवढंच मनात आलं, बाकी काही नाही. गाडी गेली आणि मी तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला आले. फातिहा झाला. मी निघाले तर गल्लीच्या तोंडाला तुकाराम उभा. डोळे सुजलेले. मला बघून जवळ आला.

"अक्का, शिकलगार साहेबास्नी माती द्यायला घावली बघा," तो म्हणाला. "न्हायतर कुठलं जमतंय. पर म्या पोरास्नी म्हटलं, लावा हात. गरमच फोडलं साचं, आणि पळत आलो."

"गरम?" मी म्हटलं.

"व्हय की. दुसऱ्या दिवसापतोर थांबलो असतो तर साहेब घावलं असतं व्हय?"

तो अभिमानानं सांगत होता, भाऊ. तुमच्यासाठी आपण काय केलं ते सांगत होता. ओतलेलं चाक रात्रभर वाळूत निवायला लागतं, हे त्यानंच मला शिकवलं होतं. गरम साचा फोडला, वारं लागलं, की बीड आतल्या आत ओढतं आणि चीर पडते. वरून चाक गुळगुळीत दिसतं. घासणाऱ्याला कळत नाही. हातोडी मारली तर कधी कळतं, पण मंगळवारी हातोडी मारायचं कुणाला सुचलं होतं?

कोपऱ्यावरच्या दुकानात फोन होता. कंपनीत लावला. साहेब फोनवर लगेच आले नाहीत, आले तेव्हा मी नीट नमस्कारही केला नाही.

"आज सकाळची चाकं मशीनवर चढवू नका," मी म्हटलं.

"काही चढलीसुद्धा. का?"

"उतरवा. सगळी परत पाठवा."

"बाई, आज इंजिनं जोडायची आहेत. चाकं नसली तर सगळं काम उभं राहील. साठा आम्ही ठेवत नाही, तुम्हाला माहीत आहे." मग त्यांचा आवाज बदलला. "चीर दिसली का कुणाला?"

"कुणाला नाही दिसली. असेलच असंही नाही. साचे गरम फोडलेत."

"का?"

दुकानदार माझ्याकडं बघत होता. "शिकलगारभाऊंना माती द्यायला जायचं होतं पोरांना," मी म्हटलं.

मग साहेब म्हणाले, "थांबवतो काम." आणि थोड्या वेळानं, "तुमचा माल यापुढं तपासूनच घ्यावा लागेल. बाकी दोघांचाही. शिकलगारांनी ही गोष्ट स्वतःच्या नावावर घेतली होती. आता ती पुढं नेणारं इथं कुणी नाही."

मी भांडले नाही असं नाही. एकदा चूक झाली, तीही आपण होऊन सांगितली, हेच तर भाऊंना हवं होतं ना, म्हटलं. सांगितलंत म्हणून ऑर्डर चालू ठेवतोय, ते म्हणाले. पण न तपासता नाही.

परवा चाकं परत आली. तुकारामानं स्वतः घण उचलला. दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. फोडून परत भट्टीत घालायची. एकेक चाक फुटत होतं आणि आतून स्वच्छ करडं बीड दिसत होतं. मला वाटायला लागलं, उगीच केला की काय मी फोन, तुमचं एवढं मोठं काम उगीच मोडलं की काय. पोरं पण तसंच बघायला लागली माझ्याकडं. मग एक चाक आऱ्यापाशी तुटलं, आणि तुटलेल्या तोंडाची एक कड काळपट निघाली. ती घणानं पडलेली चीर नव्हती. गरम असतानाच पडलेली होती.

तुकाराम घण टाकून खाली बसला. "अक्का, ह्ये कुणाच्या तरी अंगावर गेलं असतं," म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. त्याला खूप बोलायचं ठरवून ठेवलं होतं मी. त्याऐवजी त्याचा घण उचलून बाजूला ठेवला. मालक त्याच्याशेजारी जाऊन बसले.

तुम्ही काय म्हणाला असता ते मला तोंडपाठ आहे. "धा माणसं कमी आली असती तर मी काय उठून बसलो असतो व्हय?" असं म्हणून तुम्ही तुकारामाला हाकललं असतं, मला हाकललं असतं. आणि तपासणाऱ्याशिवाय माणूस स्वतः बघतो हे तुमचं म्हणणं तुम्ही तरीही सोडलं नसतं. पण नाही बघितलं, भाऊ. त्या दिवशी कुणाचं लक्ष लोखंडात नव्हतं. तुमच्या पुढच्या काळात सगळं होतं, मशीन होतं, नंबर होते, बूटसुद्धा होते. आपलं माणूस गेल्यावर त्या दिवशी हाताखालचं काम कसं व्हायचं, एवढं मात्र तुम्ही धरलं नव्हतं. तुम्ही तुमचं मरण धरलं नव्हतं, आणि आम्ही तरी कुठं धरलं होतं?

येत्या सोमवारी साहेबांनी बोलावलंय. तपासणी कशी चालेल ते ठरवायला. मी जाणार आहे, आणि तपासणी ठरली की म्हणणार आहे, साहेब, वर्षभरानं ती गोष्ट पुन्हा सुरू करा, भाऊ होते तेव्हा होती तशीच, माझ्या सहीवर. मला त्याची अजून भीती वाटते, तरी म्हणणार आहे. फक्त एक कलम वाढवून मागणार आहे. कारखान्यातलं माणूस गेलं, तर त्या दिवशीचा माल सहीवर घ्यायचा नाही.

साहेब हुशार आहेत. ते लगेच विचारतील, शिकलगार तर आमच्या खरेदीत होते, तुमच्या कारखान्यातले ते कधी झाले?

होते, असं मी सांगणार आहे. नाही म्हणायला आता तुम्ही येऊ शकत नाही.